चुना पाजलेली कालवड

राजेश्वर गावच्या निंगप्पाची देवणी कालवड सहा महिन्यांची झाली आणि तिला उभंच राहता येईना. पुढचे पाय कमानीसारखे वाकले होते. घरात तेवढी एकच कालवड. पुढं दूध मिळायचं तर तिचंच. उपचारांत मात्र काही कमी नव्हतं. हाडं बळकट व्हावीत म्हणून चुन्याची निवळी रोज पाजत होते, आणि नजर लागू नये म्हणून जन्मापासून तिला अंधाऱ्या कोठ्यात, दाराला गोणपाट लावून ठेवलं होतं.

शेवटी जवळच्या कल्याणी गावाहून गुरांचे सरकारी डॉक्टर, सलोतरी साहेब, आले.

"हिनं ऊन कधी पाहिलंय?"

"न्हाई साहेब," निंगप्पाची बायको चन्नम्मा अभिमानानं म्हणाली. "माझ्या जावेनंसुद्धा बघितलं न्हाई हिला."

"मग चुना कशाला पाजता? अंगाला ऊन लागल्याशिवाय तो हाडात जात नाही, शेणातून जातो. हिला उन्हात बांधा आणि गव्हाचा कोंडा घाला."

"आन् औषध?" निंगप्पानं विचारलं.

"हेच."

"एवढ्यासाठी हैद्राबादेत शिकलाव?"

साहेब हसून गेले. चन्नम्मानं जीव मुठीत धरून कालवड सगळ्या गावासमोर अंगणात बांधली. जाऊ रोज दोनदा बघून जाई.

दीड महिन्यानं पलीकडची राजूबाई ओरडत आली, "चन्नम्मा, तुझी कालवड माझ्या वाळवणातली तूर खायलीय की गं!"

"चालत आली व्हय?" चन्नम्मानं विचारलं.

"मग काय, उचलून आणली मी?"

"खाऊ दे अक्का," चन्नम्मा डोळे पुसत म्हणाली, "पोटभर खाऊ दे."