थांबण्याचा निरोप

"हळू बोला," संशोधक बाई म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळल्या. "म्हणजे, मोठ्यानं बोललात तरी चालेल. त्यांना कुठं ऐकू येतंय."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गुलाबी पाण्यात आईच्या घशातल्या पेशी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. आईला जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते.

"परवापेक्षा दुप्पट झाल्यात," बाई म्हणाल्या.

आई एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. एकवीस वर्षं बोर्डासमोर बसून, प्लग खोचून तिने लोकांचे फोन जोडले; बोलणं संपलं की प्लग काढायचा. निवृत्तीनंतर तिच्या स्वरयंत्रावर मोहरीएवढ्या गाठी उगवू लागल्या. कर्करोग नव्हता, साध्याच गाठी. पण काढल्या की पुन्हा येत. सहा शस्त्रक्रियांमध्ये तिचा आवाज खरवडून गेला. शेवटी ती गेली हृदयविकाराने.

सहाव्या वेळी याच बाईंनी तिला समजावलं होतं. पेशीला बाहेरून 'वाढ' असा निरोप येतो, रेणूंची एक साखळी तो आत पोचवते आणि काम झालं की ती बंद पडते. आईच्या गाठींमध्ये ती बंदच पडत नव्हती.

आई घोगरं हसली. "अगं, म्हणजे प्लग काढायचा राहिलाय! नव्या मुली हमखास विसरायच्या. बोलणारा फोन ठेवून घरी गेला, आणि ही बया आपली अजून 'हो साहेब, हो साहेब' करतेय!"

"अगदी तसंच, काकू."

"मग काढ की तो प्लग."

"औषध आहे एक. पण आधी तुमच्या गाठीतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांच्यावर बघावं लागेल."

"बघ. आणि काय झालं ते सांग हं मला. नुसतं कागदात लिहून ठेवशील."

संमतीपत्रावर तिने सही केली. निकाल कुणाला कळवायचा, तिथे आपल्या नावाखाली माझं नाव लिहिलं. म्हणून मी इथे होते.

"औषध आज घालायचंय," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही नको म्हणालात तर नाही घालणार. अशाच वाढवत ठेवता येतील."

"किती दिवस?"

"दिवस काय, वर्षंसुद्धा."

मी पुन्हा वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. एक पेशी मधोमध आवळत गेली. एकीच्या दोन झाल्या. आई गेल्याचं यांना कुणी कळवलंच नव्हतं.

"घाला," मी म्हणाले.

तीन दिवसांनी बाईंनी बोलावलं. पेशी तेवढ्याच होत्या.

"मेल्या?"

"नाही. नुसत्या थांबल्यात."

त्यांनी बशी उचलून उबवणीच्या कपाटात ठेवली. कपाटावर आकडा दिसत होता, सदतीस.

"एवढी ऊब लागते?"

"शरीराएवढी."

कपाटाचं दार त्यांनी लगेच लावलं नाही. ती ऊब चेहऱ्यावर येत होती तोवर मी तिथेच उभी राहिले.