सव्वा महिना पाळलेला साबण

मी साबण बोलतोय. रंगीत कागदात गुंडाळून दुकानातून आलेला नव्हे, घरी केलेला. मिरजगावात, हमरस्त्यापासून जरा आत, एका घराच्या मोरीत करवंटीत पडून असतो. आता इतका पातळ झालोय की उजेडासमोर धरलं तर पलीकडचं दिसेल. पण तक्रार म्हणाल तर एक नाही. साबणाचा जन्मच झिजण्यासाठी, आणि मी झिजलो ते चांगल्या हातांवर.

ते हात मालनबाईंचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी उसाच्या फडात काढली. पुढं मुलगा आदिनाथ टेम्पो चालवायला लागला, सून मोनिका घरात आली, तेव्हा फड सुटला. हातांनी मात्र फड सोडला नाही. तळव्याला भेगा, बोटं खवणीसारखी खरखरीत, आणि भेगांत काही गेलं की आग आग.

त्यांची नात धनश्री चार वर्षांची. एकदा मालनबाईंनी कौतुकानं तिच्या गालांवरून हात फिरवले, तर पोरीनं झटक्यात तोंड फिरवलं.

"आजी टोचती!"

लेकरू बोललं आणि विसरलं. मालनबाई विसरल्या नाहीत. त्या दिवसापासून नातीची अलाबला घेताना त्या वीतभर लांबूनच हवेत हात फिरवायच्या आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडायच्या. बोटं पूर्वीसारखीच कडाकडा मोडायची. पण गाल आणि हात यांच्यामध्ये ती वीतभर हवा राहायचीच.

मोनिकानं हे पाहिलं. सून मोठी हुशार, डोळे उघडे आणि तोंड बंद. तिनं सासूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रात्री लावायला मलम दिलं आणि हात धुवायला सौम्य साबण वापरा म्हणून बजावलं. मालनबाई तर भांडी घासायच्या वडीनंच हात धुवायच्या. त्यांच्या लेखी साबण म्हणजे साबण, त्यात सौम्य आणि तिखट कसलं? तेव्हा मोनिकानं मोबाईलवर एका बाईचं शिकवणं चार वेळा पाहिलं आणि घरीच साबण करायचा घाट घातला.

माझं सामान तुम्ही म्हणाल तर अगदी साधं. बांधावरच्या करंजाच्या बियांचं घाण्यावर काढलेलं तेल, दुकानातलं खोबरेल, चिमूटभर हळद, पाणी आणि कॉस्टिक सोडा. हा सोडा भज्यात घालायचा नव्हे, बरं का. हा अंगावर उडाला तर कातडी भाजतो. म्हणून सगळं किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणलं. मालनबाईंचा जन्म मुठीनं आणि चिमटीनं स्वयंपाक करण्यात गेलेला. त्यांना हे तोलणं पाहून हसू आलं. पण माझ्या बाबतीत अंदाजपंचे चालत नाही.

मोनिकानं हातमोजे घातले, डोळ्यांवर नवऱ्याचा टेम्पो चालवायचा गॉगल चढवला आणि अंगणात बसली.

"आत्या, तुमी लांबच बसा. भेगात शितोडा गेला तर? आन धनूला धरा. आधी पानी घ्यायचं, मग पान्यात सोडा सोडायचा. सोड्यात पानी न्हाई सोडायचं."

"सोडा सोडा करती नुसतं, मग धरायचं काय?" मालनबाई म्हणाल्या. दोघी खुदूखुदू हसल्या.

"आन त्या बाई म्हनत्यात, ॲल्युमिनियमचं भांडं अजाबात चालत न्हाई."

"आपल्या घरात न्हाईच तसलं काय," म्हणून मालनबाई आत गेल्या आणि एक जुनं पातेलं घेऊन आल्या. "हे घे. जर्मनचं हाय."

तुम्ही हसलात ना? हसा. पण दोघींनाही काही खटकलं नाही. मोनिकाच्या माहेरीही त्या भांड्याला जर्मनच म्हणत. ॲल्युमिनियम हा शब्द मोबाईलमधला, जर्मन हा चुलीवरचा. दोन्ही एकच, हे कुणी कधी सांगितलं होतं?

पाण्यात सोडा पडला मात्र, पातेलं फसफसायला लागलं. करडा काळा फेस वर आला, नाकाला झोंबणारी वाफ निघाली. मोनिका ओरडली, "आत्या, धनूला घिऊन पळा!" आणि स्वतःही मागं सरली. तेवढ्यात आदिनाथ टेम्पो लावून आला. त्यानं लांबूनच पातेलं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, आगं जर्मन म्हंजीच ॲल्युमिनियम! भंगारवाला काय निराळं इकत घेतो व्हय?"

फेस शांत झाल्यावर त्यानं दुरून भरपूर पाणी ओतून ते सगळं कोपऱ्यातल्या खड्ड्यात घालवलं. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं, आणि झिजलेल्या बुडाला एके जागी भोक पडलं होतं.

ते पातेलं मालनबाईंच्या कोपीवरचं, ऊसतोडीच्या दिवसांतल्या पाचटाच्या झोपडीतलं. दर हंगामात ते बैलगाडीला बांधून गेलं होतं. त्याच्यात भात शिजला, कालवण शिजलं, लहानग्या आदिनाथच्या अंघोळीचं पाणीही तापलं. मोनिकाचे डोळे भरून आले.

"माज्यामुळं गेलं, आत्या. र्‍हाऊ द्या आता साबन."

माझा जन्म तिथंच खुंटायचा. पण मालनबाईंनी धुतलेलं पातेलं मांडीवर घेतलं, त्याच्या भोकातून बोट घातलं आणि एकाएकी हसल्या.

"आपुन नाव कायबी ठिवलं, पर त्या सोड्यानं बराबर वळखलं गं! लई शिजवलं ह्या पातेल्यानं. आता निवांत बसू दे त्याला. तू दुसरं काढ."

पातेल्यात माती भरून कोरफड लावली. भोक पाणी झिरपायला उपयोगी पडलं. आणि मोनिकानं माळ्यावरून आपल्या रुखवतातलं, नाव घातलेलं स्टीलचं पातेलं काढलं. त्या काळ्या पातेल्याचे माझ्यावर उपकार आहेत. ते गेलं नसतं तर हे निघालं नसतं.

या वेळी पुन्हा तोलून आणलेला सोडा पाण्यात विरघळला आणि पाणी आपोआप गरम झालं. ते निवल्यावर मोनिकानं तेलात हळूहळू ओतलं आणि ती लाकडी डावानं घोटत बसली. हात दुखले तरी थांबली नाही. मालनबाई लांबून मान उंच करून पाहत होत्या.

"पिठल्यावानी झालं बघ. डाव फिरवला की रेघ र्‍हातीया. बास, ओत."

शेवटी नजर त्यांचीच कामी आली. आतून तेलाचा हात फिरवलेल्या डब्यात मला ओतलं, वर गोधडी घातली. दुसऱ्या दिवशी मी घट्ट झालो, तेव्हा माझ्या वड्या कापल्या. पण वापरायला महिना-सव्वा महिना थांबा, तोवर अंगातला तिखटपणा जायचा नाही, असं मोबाईलवरच्या बाईंनी बजावलं होतं. मालनबाईंना हे लगेच पटलं.

"म्हंजी बाळंतीनच की! सव्वा म्हैना पाळाय पायजे."

आणि त्यांनी तो पाळला! वाऱ्याच्या फळीवर, धनूचा हात पोचणार नाही अशा जागी मला ठेवलं, अधूनमधून कूस बदलून दिली. शेजारच्या रंगुबाई एक वडी मागायला आल्या, तर त्यांनाही सांगितलं, "उठली न्हाई अजून. सव्वा म्हैना झाल्यावर ये." असं कोडकौतुक कुठल्या साबणाच्या वाट्याला येतं?

मग मी मोरीत आलो. खोटं सांगणार नाही, मी काही औषध नव्हे. रात्रीच्या मलमानं भेगा भरल्या. मी फक्त दिवसा त्या पुन्हा उकलू दिल्या नाहीत. तळवे मऊ झाले, पण लोण्यासारखे काही झाले नाहीत. इतक्या वर्षांचा ऊस एका वडीत कसा धुऊन निघेल? मालनबाईंनाही ते माहीत होतं. म्हणून ती वीतभर हवा तशीच राहिली, आणि मी रोज थोडा थोडा संपत गेलो. मला एकच घोर लागला होता, आपण असेच संपून जाणार की काय.

आज सकाळी धनू चिखलात खेळून आली. आजी तिचे हात धुवायला बसली आणि मी हातातून निसटलो. पोरीनं मला उचललं आणि आपणच आजीच्या तळव्यावर घासायला लागली. घासता घासता थांबली.

"आजी, ह्ये खरखर काय हाय?"

"ऊस तोडायची ना मी, बाळा. त्याचं हाय."

धनूनं क्षणभर विचार केला आणि तो ओला हात ओढून आपल्या गालाला लावला. मालनबाई दचकल्या, हात मागं घ्यायला लागल्या.

"नगं गं, टोचंल."

"थोडंच टोचतंय," धनू म्हणाली. हात तिनं सोडला नाही. दुसरा गाल पुढं केला. "आता हिकडं."

मालनबाईंनी दोन्ही तळवे तिच्या गालांवरून फिरवले, अगदी टेकवून, आणि मग कानशिलावर बोटं मोडली. हात ओले, फेसाळलेले. रोजच्यासारखा कडकडाट काही झाला नाही. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मोनिकानं मागाहून केलेल्या, फळीवरच्या नव्या वड्यांकडे पाहून त्या काहीतरी पुटपुटल्या. देवाला म्हणाल्या की आम्हाला, ते कळलं नाही.

उद्या नवी वडी मोरीत येईल. तिचा सव्वा महिना भरलाय. मोनिकाबाई, माझं एवढंच मागणं आहे. मला टाकून देऊ नका, सगळ्या घरांत करतात तसं मला त्या नव्या वडीच्या पाठीवर दाबून चिकटवा. धनूनं अजून कपाळ पुढं केलेलं नाही.