अपेक्षित उत्तर

साताऱ्यात पाणी साडेसत्त्याण्णव अंशांना उकळतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, मोजलेलं आहे. १९७४ च्या मे महिन्यात बी.एड.च्या सुट्टीतल्या वर्गाला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तीनदा मोजलं, दोन वेगवेगळ्या तापमाप्यांनी. सांगलीला, माझ्या घरी, पाणी अठ्ठ्याण्णवाच्या किंचित वर उकळतं. एका रविवारी एस.टी.नं महाबळेश्वरला गेले आणि तिथल्या एका चहावाल्याच्या पातेल्यात तापमापी धरली, तर साडेपंचाण्णव भरलं. चहावाला म्हणाला, "काय बाई, ताप आलाय व्हय पाण्याला?"

या तीन आकड्यांवर माझा पाठ उभा होता. 'हवेचा दाब व उत्कलनबिंदू', इयत्ता आठवी. तिन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहून मी एक तक्ता केला होता आणि गुंडाळून ट्रंकेमागे उभा ठेवला होता.

आम्ही पस्तीस जण होतो आणि सगळे नोकरीतले शिक्षक. पदवी होती, बी.एड. नव्हतं, त्यामुळे संस्था आम्हाला कायम करत नव्हती. म्हणून दोन उन्हाळे सुट्टी सोडून इथं यायचं, व्याख्यानं ऐकायची आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी बाहेरच्या परीक्षकासमोर एक पाठ द्यायचा. पण मे महिन्यात शाळेत मुलं कुठली असणार? म्हणून पाठाच्या वेळी आठवीची मुलं आम्हीच व्हायचो. आठवीच्याच बाकांवर बसायचो. बाक आणि डेस्क एकाच लाकडाला जोडलेले, त्यामुळे एकदा आत गेलं की गुडघे फळीला टेकायचे आणि घंटा होईपर्यंत पाय हलवता यायचे नाहीत. पाठ सुरू झाला की शिकवणाऱ्यानं सगळ्यांना 'तू' म्हणायचं, हा नियम होता. चाळीस वर्षांचे गृहस्थ बोट वर करून "सर मी, सर मी" करायचे.

पाठाचं टाचण ठरलेलं असे. डावीकडे शिक्षककृती, उजवीकडे विद्यार्थीकृती, आणि प्रत्येक प्रश्नासमोर अपेक्षित उत्तर. ते उत्तर वर्गातून आलं की पाठ चांगला. त्यामुळे आमच्यात एक रीतच पडून गेली होती. आदल्या दिवशी आपलं टाचण सगळ्यांत फिरवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी 'मुलं' बरोबर तीच उत्तरं देतात. कुणी याला लबाडी म्हणत नसे. आज मी तुझा विद्यार्थी, उद्या तू माझा.

नाथाजी साबळे सरांनी आपलं टाचण माझ्याकडे आणलं, तेव्हा आम्ही ओसरीवर जेवणाच्या घंटेची वाट बघत बसलो होतो. सर शेहेचाळीस वर्षांचे. कोरेगावकडच्या एका खेड्यात अठरा वर्षं शास्त्र शिकवत होते. मागच्या उन्हाळ्यात ते पाठात नापास झाले होते. परीक्षकांचा शेरा होता : 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षित उत्तरे काढून घेता आली नाहीत.' या वेळीही नापास झाले तर जूनमध्ये त्यांच्या जागी संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा येणार होता. त्याचं बी.एड. नुकतंच झालं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण सर स्वतःच सगळ्यांना सांगत.

त्यांचा विषय 'उत्कलन' होता. स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्रात पाणी उकळायचं आणि विद्यार्थ्यानं तापमापी वाचायची. समोरच्या रकान्यात लिहिलं होतं : 'शंभर अंश.'

मी म्हटलं, "सर, इथं शंभरला नाही उकळत. साडेसत्त्याण्णवला उकळतं. आपण उंचावर आहोत."

"पुस्तकात शंभर हाय न्हवं?"

"पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा आहे."

"आवं बाई, परीक्षक समुद्रावरनं येनार का वाईवरनं?"

शेजारी बसलेले दादासो जाधव हसले. दादासो विट्याचे, वयानं तिशीचे, आणि वर्गातले आमचे सर्वांत वात्रट विद्यार्थी. ते म्हणाले, "गुरुजी, तुमी फिकीर करू नगा. तापमापी वाचायला मला उठवा. बर्फात घातली तरी शंभर वाचून दावतो."

"पण वाचन कशाला ठेवता?" मी विचारलं. "तुम्हीच सांगा की समुद्रसपाटीला शंभर."

सरांनी टाचणावर बोट ठेवलं. "मग विद्यार्थीकृतीचा रकाना मोकळा ऱ्हातो. गेल्या साली ह्याच रकान्यानं मारलं मला."

परीक्षक खरोखर वाईवरून आले. शास्त्राचे परीक्षक सोलापूरहून यायचे होते, पण रेल्वेचा संप चालू असल्यानं ते तिकडेच अडकले. त्यांच्याऐवजी लिमये सर आले. निवृत्त मुख्याध्यापक, इतिहासाचे. मऊ बोलणारे, पांढरं धोतर, काळी टोपी. दोन दिवसांचे सगळे गुण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदमच लिहून देणार आहेत, असं आम्हाला सांगण्यात आलं.

पहिल्या दिवशी दुपारी साबळे सरांचा पाठ झाला. वाऱ्यानं दिवा विझतो म्हणून खिडक्या आणि दार लावून घेतलं होतं. पत्र्याच्या खोलीत पस्तीस माणसं, आणि मे महिना. सरांचा सदरा पाठीला चिकटला होता. प्रश्न मात्र ते व्यवस्थित विचारत होते आणि दादासो धडाधड उत्तरं देत होते. पाणी खदखदायला लागलं. सर म्हणाले, "आता तापमापी कोण वाचेल बरं?"

"सर मी!" दादासो अर्धे उठलेसुद्धा.

तेवढ्यात मागून लिमये सरांचा मऊ आवाज आला. "गुरुजी, मुलींच्या बाजूला अजून एकही प्रश्न गेला नाही."

मुलींच्या बाजूला आम्ही चौघी होतो. तिघी भाषेच्या. साबळे सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"शरयू, तू ये."

फळीतून गुडघे सोडवून मी पुढं गेले. पारा सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याण्णवाच्या बरोबर मधे उभा होता. वाफ होती, तरी रेघ स्पष्ट दिसत होती. मी डोळे रेघेच्या पातळीत आणले, कारण तशी सवय आहे. पुन्हा पाहिलं. साडेसत्त्याण्णव.

"किती आहे?" सरांनी विचारलं. त्यांच्या हातात खडू होता आणि खडूचं टोक फळ्याला आधीच टेकलं होतं. मागं लिमये सरांची पेन्सिल थांबली होती.

"शंभर," मी म्हणाले.

"शाब्बास," साबळे सर म्हणाले आणि फळ्यावर शंभर लिहिलं.

जागेवर येऊन बसेपर्यंत मला काही वाटलं नाही. गुडघे फळीला टेकले आणि मग कळलं, की उद्या माझा पाठ आहे. हाच वर्ग, हेच परीक्षक, हीच तापमापी. आणि माझ्या टाचणात अपेक्षित उत्तर आहे साडेसत्त्याण्णव.

टाचणावर प्राध्यापकांची सही झाली होती आणि विषय फलकावर लागला होता. काहीच बदलता येत नव्हतं. संध्याकाळभर मी अंगणात फेऱ्या घातल्या. खोटं मी बोलले होते, सर नव्हे, हे खरं. पण उद्या वर्गात साडेसत्त्याण्णव आलं की लिमये सर मागची पानं उलटणार, आणि ज्या शिक्षकानं चुकीचं वाचन शाब्बास म्हणून फळ्यावर लिहिलं त्याचे गुण अजून त्यांच्याच हातात असणार. शेवटी मला एक वाक्य सुचलं : 'काल वाफेमुळे माझ्याकडून वाचनात चूक झाली, सरांचा त्यात दोष नाही.' ते मी पाठ केलं. चूक माझ्या एकटीच्या नावावर राहिली असती. एकदा वाचलं, एकदा चुकलं. असं होऊ शकतं.

मी माझं टाचण फिरवलं नव्हतं. मुलांनी तापमापी खरोखर वाचावी, आकडा पाहून चकित व्हावं आणि मग 'असं का?' हा प्रश्न त्यांच्याकडूनच यावा, अशी माझी कल्पना होती. दादासो म्हणाले होते, "बाई, टाचण दिलं न्हाईसा तर आमी उत्तर काय देनार?"

"जे दिसेल ते द्या."

"लय अवघड काम सांगत्यात गड्या," ते शेजारच्याला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खिडक्या बंद, दार बंद. पाणी उकळलं. तक्ता टेबलाच्या पायाशी उभा होता. लिमये सर मागच्या बाकावर होते आणि त्यांच्या मांडीवर कालचीच वही होती. मी विचारलं, "तापमापी कोण वाचेल?"

मी दादासोंकडे बघत होते. पण पहिल्या बाकावरून साबळे सर उठले. बोट वर केलेलं, चेहऱ्यावर हसू. "बाई मी!" आणि मी नाव घ्यायच्या आधीच ते टेबलापाशी आले. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

"नाथाजी, तू सांग," मी म्हणाले. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला.

त्यांनी खिशातून चष्मा काढला. वाकले. डोळे रेघेच्या पातळीत आणले. किती तरी वेळ बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. पारा दिसत होता त्यांना. माझी खात्री होती, कारण त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काल मी ज्या जागी उभी होते तिथंच ते उभे होते आणि खडू आता माझ्या हातात होता.

"शंभर!" ते मोठ्यांदा म्हणाले.

वर्गातून दोन-तीन आवाज आले, "शंभर, शंभर." रीतीप्रमाणे. मदत करायची म्हणून.

माझं वाक्य तोंडात तयार होतं. पण ते एका चुकीचं होतं. आता वाचनं दोन झाली होती आणि दुसरं स्वतः साबळे सरांचं होतं. साडेसत्त्याण्णव म्हटलं असतं तर अठरा वर्षं शास्त्र शिकवलेल्या माणसाला तापमापी वाचता येत नाही, असं परीक्षकांसमोर ठरलं असतं. मी मागं पाहिलं. लिमये सर प्रसन्न चेहऱ्यानं लिहीत होते.

मी फळ्यावर १०० लिहिलं.

पुढचा पाठ अर्धाच घेतला. दाब वाढला की उत्कलनबिंदू शंभराच्या वर जातो, एवढाच. त्यासाठी प्रेशर कुकर पुरेसा होता. शिट्टीचं नाव काढताच दादासोंनी शिट्टी वाजवली आणि लिमये सरसुद्धा हसले. दाब कमी झाला तर काय होतं, डोंगरावर काय होतं, याला मी हात लावला नाही. तक्ता गुंडाळलेलाच राहिला. घंटेला सात मिनिटं होती. ती मी उजळणीत काढली.

संध्याकाळी निकाल लागला. दोघंही पास. माझ्या टाचणाखाली लिमये सरांचं सुरेख अक्षर होतं : 'अपेक्षित उत्तरे वर्गातून तत्काळ मिळाली. उत्तम.' माझ्या टाचणात कोणतं उत्तर अपेक्षित होतं, ते त्यांनी पाहिलं नसावं. शंभराला शंभर जुळला, एवढंच त्यांनी पाहिलं.

सकाळी एस.टी. स्टँडवर साबळे सर मला पोचवायला आले. माझी ट्रंक एका हातात, तक्ता काखेत. कोरेगावची गाडी त्यांनी सोडून दिली होती. "तुमची सांगली लागू द्या आधी," म्हणाले. मग जरा जवळ येऊन, हळू आवाजात :

"बाई, साडेसत्त्यान्नवच हुतं ते. दिसलं मला."

मी गाडीच्या वाटेकडे पाहिलं.

"पन तुमी परवा माझ्यापायी बोललासा. मग मी मागं सरंन व्हय?" त्यांचे डोळे भरून आले होते. "अठरा वर्सांत आसं कुनी उभं ऱ्हायलं न्हवतं माझ्यामागं. गावाकडं लिवलंय मी, सांगलीच्या एक बाई हायेत म्हनून."

गाडी लागली. त्यांनी ट्रंक आत चढवली, खिडकीजवळची जागा धरून दिली आणि शेवटी तक्ता माझ्या हातात देता देता थांबले.

"ह्यात काय हाय वं? काल टेबलापाशी हुतं, पन उघडलंच न्हाईसा."

"तक्ता आहे," मी म्हणाले. "वेळ पुरला नाही."