पुंगळ्यांची घासाघीस

सत्त्याण्णव साली शारजाबाहेरच्या वाळूतल्या एका नेमबाजी क्लबात गहन प्रश्न उभा राहिला: उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरण्याआधी कशानं साफ करावी?

हे काम करणारा केरू मंडणगडचा. गेल्या वर्षी त्याची बायको मनोरमा वारली, तेव्हा रजा मंजूर होईपर्यंत तिचं तेरावंही उरकलं होतं. आता वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं होतं आणि केरूचा अर्ज इनचार्ज पर्सीच्या खणात ‘इन्शाल्ला’ पांघरून झोपला होता.

पर्सी वसईचा. माणूस वाईट नव्हता, फक्त साहेब होता. त्यानं तीन रीतींची परीक्षा लावली. पहिली अमेरिकेहून आणलेल्या फिरत्या पिंपाची. त्यात पुंगळ्यांबरोबर अक्रोडाच्या टरफलांचा भुसा घालायचा. मेसमध्ये कामगारांना अक्रोड कधी दिसला नव्हता, पण पुंगळ्यांचं खानदान मोठं. चार तास खडखडून पिंप थोडी चमक आणि भरपूर धूळ देई. दुसरी रीत केरूच्या जोडीदार जमालची, सिरका आणि कपड्यांची पावडर. पुंगळ्यांइतकेच जमालचे डोळेही धुऊन निघत. तिसरी केरूची. शारजाच्या रोल्ला बाजारातून आणलेल्या आमसुलांच्या पाण्यात पाच मिनिटं, मग साध्या पाण्यात खळबळून उन्हात. ऊन तेवढं कंपनी हात आखडून देत नव्हती.

केरूचा हिशोब सरळ होता: आपण जिंकलो की साहेब खूश, साहेब खूश की रजा. तो जिंकला. पर्सी खूश झाला आणि म्हणाला, आता क्लबाची नेमबाजी स्पर्धा होईपर्यंत तुझ्याशिवाय चालायचं नाही, रजेचं खलास. हुशारीचं बक्षीस ते हे.

दुसऱ्या दिवशी केरूनं टबभर पुंगळ्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमसुलात बुडवून ठेवल्या. बिघडल्या की साहेब आपल्याला हाकलेल, मग गावाला जायला कोण अडवतो. पुंगळ्या तांबूस गुलाबी निघाल्या. पर्सीनं एक उचलून दिव्याखाली धरली.

“वा! सोन्याचा रंग. आजपासून सगळ्या अशाच कर. या भरायला पाठवू.”

केरूनं टब मागे ओढला.

“साहेब, त्या भरू नका. फेकून द्या.”

“का रे?”

“पितळ लाल झालं म्हणजे आंबटानं खाल्लं. बंदूक फुटेल कुणाच्या तरी तोंडावर. मी मुद्दाम बिघडवल्या.”

“पण हे तुला कुणी शिकवलं?”

“बायकोनं. लग्नात तिला आलेला पितळी तांब्या मी हौसेनं दिवसभर आमसुलात ठेवला. महिन्यात चिरला. वर्षभर ऐकवत होती.”

पर्सीनं हातातली पुंगळी कचऱ्यात टाकली. मग म्हणाला, “तू गेलास तर हे बघणार कोण?”

“तुम्ही. बाह्या वर करा.”

पर्सीनं केल्या. पहिल्या घाण्याला तो फोनवर बोलत बसला आणि पुंगळ्या लाल झाल्या. केरूनं त्याला मनोरमेच्याच भाषेत झापलं, फक्त मधेमधे ‘साहेब’ घातलं. तिसऱ्या घाण्याला पिवळ्याधमक पुंगळ्या निघाल्या. पर्सीनं खणातून अर्ज काढला आणि लालजांभळ्या बोटांनी सही केली. वीस दिवस.

केरू कागद घेऊन दारापर्यंत पोचला, तेवढ्यात मागून हाक आली.

“येताना पाच किलो आमसुलं आण. तुमच्याकडची चांगली असतात.”

दुःखात सहभागी होण्याची साहेबांची ही रीत. केरू “आणतो” म्हणाला आणि सही वाळायची वाट न बघता निघाला.