दोनशे वेळा ओढलेला प्लग

“फाइल डिस्कवर उतरली, पोरी. पण फोल्डरमध्ये तिचं नाव उतरलं का?”

ऑफिसातल्या जुन्याजाणत्या स्टामेनकाकांनी पडद्यावरच्या प्रोग्रॅमवर बोट टेकवलं, तेव्हा तो लिहिणाऱ्या डेनित्साने त्यांच्यापुढे बानित्साची, चीज भरलेल्या गरम पेस्ट्रीची, ताटली सरकवली. “गार होतेय, खा. इतका संशय घेऊन तुम्ही लग्न तरी कसं केलंत?”

काका त्या वर्षी निवृत्त होऊन गावी, स्लिवो पोलेला, गेले. मार्चमध्ये रूसेच्या प्रसूतिगृहात, जिथे डेनित्साचा तो प्रोग्रॅम चालत होता, भरदुपारी वीज गेली. काचेच्या पेटीतल्या एका बाळाला औषध दिल्याची नोंद नुकतीच झाली होती. पडद्यावर ‘सेव्ह झालं’ असंही आलं होतं. वीज परतली तेव्हा नोंद गायब. फाइल डिस्कवर होती, पण फोल्डरमध्ये नाव चढायच्या आतच वीज गेली होती. नर्सने दुसरा डोस भरलासुद्धा. मुख्य नर्स रादेवाबाईंनी कागदावर टिपून ठेवलं होतं, म्हणून बाळ वाचलं.

दोन वर्षांपूर्वी डेनित्साची मुलगी कालिना तशाच पेटीत होती. डेनित्सा आठवडाभर नीट जेवली नाही.

आज तिने प्रोग्रॅम दुरुस्त करून पुन्हा प्रसूतिगृहात आणला होता. आता आधी फाइल डिस्कवर पक्की होई, मग फोल्डर, आणि त्यानंतरच पडद्यावर ‘सेव्ह झालं’ उमटे. रादेवाबाई शेवटच्या नोंदीचा आकडा कागदावर टिपत, डेनित्सा भिंतीतला प्लग ओढी. मशीन सुरू झालं की दोघी ताडून बघत. असं सकाळपासून.

“दोनशे,” रादेवाबाई म्हणाल्या. “एकही नोंद हरवली नाही. मग आता माझा कागद बंद करायचा?”

“नको. चालू ठेवा.”

बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. “आता लाव तुझं मशीन.”

डेनित्साची मान ताठ झाली. जिन्यातच तिने काकांना फोन लावला.

“दोनशेपैकी दोनशे, काका.”

पलीकडे बराच वेळ खोकला.

“फोल्डरसकट?”

“फोल्डरसकट.”

“शाबास.”

“तुमची तब्येत?”

“ठणठणीत. ठेव आता, फोनचं बिल चढतंय.”

फोन तर तिनेच केला होता. त्यांना बघायला गावी जावं, असं तिला वाटलं. पण कालिनाला ताप होता. घरी येऊन तिने आधी श्वास बघायला पोरीच्या नाकापुढे बोट धरलं, मग प्रोग्रॅम उघडून फोल्डर पक्कं करणाऱ्या ओळीच्या वर लिहिलं:

‘ही ओळ हळू चालते म्हणून काढू नका. ती स्टामेन व्हाल्चेव यांनी सुचवली, मी उशिरा ऐकलं. हे वाचणारे तुम्ही कुणीही असा, स्लिवो पोलेकडे गेलात तर त्यांचं दार वाजवा. ते आतूनच ठणठणीत म्हणतील. तुम्ही आत जाऊन बघा.’