'पूर्ण बंद'

मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करण्यात डॉक्टरीणबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःलाही जरा जास्तच ठाऊक होतं. शिंपीकाकांच्या मानेवर डाव्या बाजूला प्रोब टेकवला, मेंदूकडे जाणाऱ्या नळीत रंगाचा ठिपकाही दिसेना, तेव्हा चार मिनिटांत त्यांनी लिहून टाकलं: 'पूर्ण बंद'. पूर्ण बंद झालेली नळी उघडण्यात फायदा नसतो, अरुंद झालेलीच साफ करतात; म्हणजे ऑपरेशनचा प्रश्नच मिटला. गोळ्या घ्यायच्या नि जपून राहायचं.

आठवड्याने काकू काकांना घेऊन पुन्हा आल्या.

"मॅडम, रागावू नका. नळी बंद आहे म्हणता, मग यांचा उजवा हात अजून मधूनच लुळा का पडतो? काल कात्री दोनदा सुटली. पाच मिनिटांनी पुन्हा ठीक."

"होतं असं कधी कधी," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच उत्तराने चपापल्या. हात असा लुळा पडतो तो नळीतल्या गुठळीचे कण मेंदूत गेल्याने, आणि ते पोचायला वाहतं रक्त लागतं. बंद नळीतून ते जाणार कसे?

त्यांनी जुनं चित्र उघडलं. कोपऱ्यात रक्ताच्या वेगाची पट्टी होती. काकांच्या आधी एक तरुण खेळाडू तपासला होता. त्याच्यासाठी वाढवलेला आकडा तसाच राहिला होता. एवढ्या वर ठेवला की संथ रक्त दिसतच नाही. शिकाऊ डॉक्टरांना बाई याच चुकीवरून फैलावर घेत. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'नळी जरा मोकळी झालेली दिसते' म्हणून वेळ मारून नेता आली असती.

त्यांनी काकांना पुन्हा झोपवलं, आकडा खाली आणला, प्रोब अलगद धरला. दोऱ्याएवढा रंग दिसला.

"काका, माझी चूक झाली. नळी बंद नाहीये, मीच मशीन नीट लावलं नव्हतं. सीटी आत्ताच करू. ऑपरेशनचं सर्जन ठरवतील, त्यांना मी फोन करते."

काका उठून बसले. "आठवडाभर मी दुकानाची आवराआवर करतोय, मॅडम."

बाईंनी सर्जनचा नंबर फिरवला.

ते गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवर आपल्या रिपोर्टांत ते दोन शब्द शोधले. असे एकोणीस रिपोर्ट निघाले. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी त्यांनी पहिला नंबर लावला. पेशंटच्या सुनेने उचलला.

"बाबा गेले हो, दोन महिने झाले," ती म्हणाली. "पण तुम्ही स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं. उगाच ऑपरेशनच्या मागे नाही लागलो आम्ही."