पोटातलं गरम जेवण

मित्रांनो, मी एक जुनी, पाठीवर वागवायची जेवणाची पिशवी आहे. माझा लाल रंग उडाला आहे, चेन अडकते. कारखान्यात मला शिवलं, आतून चंदेरी अस्तर लावलं आणि हैदराबादेत मी शिवराजच्या पाठीवर आले. मलकपेठेतल्या घरून निघून आम्ही हॉटेलांतलं जेवण शहरभर पोचवायचो. ऊन असो, धूळ असो, त्याने मला रोज पुसलं.

कंपनी त्याला कामगार म्हणत नसे, 'पार्टनर' म्हणे. त्याची बायको ज्योती दारातच चिडवी, "या, कंपनीचे भागीदार! आधी पाय धुवा."

"भागीदाराला चहा मिळेल का?"

"मिळेल. गाळायचा मात्र तुम्हीच."

उशीर झाला की फोनवर लाल खूण येई आणि पुढची कामं कमी मिळत. म्हणून सगळीच पोरं फाटकाशीच 'पोचवलं' हे बटण दाबत आणि मग वर जात. शिवराजही तसंच करी.

त्या दुपारी हिमायतनगरात वॉचमन म्हणाला, "लिफ्ट नक्को भाई, तुम लोगां को सीढियाँच है."

शिवराजने बटण दाबलं आणि जिना चढू लागला. जिना नुकताच धुतलेला होता. शिवराजचा पाय घसरला आणि तो उलटा पडला तो माझ्यावरच. पाठ मी वाचवली. पण डोकं माझ्या उंचीच्या वर होतं, ते पायरीवर आपटलं.

तो पुन्हा उठला नाही.

विम्यासाठी ज्योती कंपनीच्या कचेरीत गेली, मला घेऊन. साहेब हळू आवाजात बोलला, "ताई, जेवण पोचल्याची नोंद आधीची आहे. पडले तेव्हा ते कामावर नव्हते. आणि ते आमचे कामगार नाहीतच, पार्टनर होते."

ज्योतीने मला टेबलावर ठेवलं. "मग हिच्यात जेवण कुणाचं होतं, भाऊ? पोलिसांनी काढलं तेव्हा गरम होतं."

साहेबाने नकाराचा कागद तिच्यापुढे सरकवला. मी सगळं सांगितलं असतं, पण पिशवीची साक्ष कोण घेतं?

आता मी खिळ्याला टांगलेली असते. जिन्यात पाऊल वाजलं की ज्योती अजून दाराकडे बघते.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठं होऊन कायदा लिहायला बसेल. तेव्हा एवढी एक ओळ विसरू नका: पाठीवर पिशवी आहे तोवर माणूस कामावर आहे.